तपासणाऱ्याचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला कसं सांगू? ती वसुधाअक्काला ओळखते, दिवाळीला तिच्या घरी जाते — आणि तिथेच सगळं अडतं.

वसुधाअक्का माझ्या टीममधली. राजाजीनगरची, कित्येक पिढ्या बेंगळुरूतच मुरलेलं मराठी घर. मी नागपूरहून आलो तेव्हा सर्जापूर रोडवरच्या त्या ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच, तीही मधेमधे कानडी शब्द पेरत. तिचा माझ्यावर जीव होता. त्याचाच मी फायदा घेतला, असं म्हणायला हवं ना?

आमचं काम कर्नलमधलं — म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी पोटातलं. नेटवर्क कार्डाकडून येणारा डेटा ठेवायला मेमरीत जागा मागायची. ती ठरावीक ठिकाणापासूनच सुरू व्हायला हवी. माझ्या कोडमध्ये ती किंचित सरकायची; पार्किंगमध्ये वाकडी लावलेली गाडी शेजाऱ्याच्या जागेत घुसते तशी. मग मशीन अचानक बंद पडायचं. कारण काही केल्या सापडेना. शेवटी कोडमध्ये एक रिकामा, निरुपयोगी रकाना घालून पाहिला — आणि मशीन चालू राहिलं. का? माहीत नव्हतं. चूक गेलेली नाही, नुसती दडली आहे, एवढं मात्र मला पक्कं कळत होतं.

आमच्याकडे दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोड पुढे जात नाही, आणि तपासणाऱ्याचं नाव त्याखाली कायमचं राहतं. अक्काने नेमकं त्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हा कशाला रे? स्वल्प समजावून सांग की.”

“कार्डाला लागतो, अक्का.”

खोटं बोललो. किती सहज — आणि आपल्या भाषेत.

“सरी,” ती म्हणाली, म्हणजे कानडीत ‘बरं’, आणि आपलं नाव दिलं.

पुढे होसकोटेच्या एका कारखान्यात आमची मशीनं एकामागून एक बंद पडली. मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, हे तपासलं कुणी? अक्का लगेच म्हणाली, माझी नजर चुकली. रकान्याबद्दल, माझ्या उत्तराबद्दल — एक शब्द नाही. आणि मी? टेबलाकडे बघत बसलो. भित्रा होतो. नंतर खरी चूक शोधली, ओळभर बदल केला, शाबासकीही घेतली. तपासणीचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं.

आता ती स्वतःचा कोड माझ्याकडे आणते. “तू एकदा बघ रे, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही.”

मी बघतो. आजवर तिच्या कोडमध्ये मला एकही चूक सापडलेली नाही. तपासणारा म्हणून खाली माझं नाव घालतो.