आधीच पुजलेली गाडी

ती गाडी आजही डोळ्यांसमोर येते. पांढरी, विजेवर चालणारी, कोरी म्हणून विकायला उभी केलेली. माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळातलं हे प्रकरण. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. पण पत्नी गेल्यापासून हातातलं पुस्तक मिटतं आणि हेच आठवत राहतं.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. एका शोरूममध्ये गाड्या धुण्याचं काम करणारा आमचा एक खबऱ्या आत न येता खिडकीशी उभा राहिला.

"साहेब, आमच्या शोरूममधली सस्ती गाडी एकदा विकली गेलती. वापस आली. आता खैरलांजीच्या गुरुजीले नवी म्हणून देऊन राह्यले. पण माह्यं नाव नका घेऊ, पोट तिथंच आहे."

खबर म्हणजे पुरावा नव्हे. मी गुरुजींना बोलावलं. निवृत्त प्राथमिक शिक्षक, इस्त्रीचा सदरा, सोबत थकलेली पत्नी.

"गाडी ताब्यात घेतली का?"

"नाही जी, आज घेणार. ट्रकमधून उतरवताना दार चेपलं, ते दुरुस्त केलं म्हणते शोरूमवाला. सांगूनच देऊन राह्यला तो. म्हणून तं एवढी सूट." मग आवाज खाली आला. "घेऊ नका म्हणू नका, साहेब. हिले आठवड्यातून दोनदा डायलिसिसले गोंदियाले न्या लागते. बसमधी कधी कधी उभी राहते ती."

गरजू माणूस सल्ला मागत नाही, परवानगी मागतो. हे मी ठाण्यात पुष्कळदा पाहिलं होतं.

मी साध्या कपड्यांत त्या दोघांसोबत शोरूमला गेलो. मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड. "सर, गाड़ी एकदम ज़ीरो है. बस दरवाज़े पर थोड़ा काम हुआ है." कागद स्वच्छ होते. नोंदणी गुरुजींच्याच नावाने व्हायची होती. परत निघावं असं माझ्या मनात आलं.

बाईंना दम लागला होता. आधारासाठी त्यांनी बोनेटवर हात टेकला. काचेखालच्या फटीत त्यांचं बोट गेलं. रबराला चिकटलेले दोन-तीन तांदूळ त्यांनी नखाने काढले. पिवळे होते.

"अहो, अक्षता."

मॅनेजर हसला. "हम लोग भी पूजा करते हैं, आंटी."

"हौ, पण घरी नेताना ना बाबू? दुकानातल्या मालाची कोण आरती करते?"

मी त्याला ठाण्यात आणलं. बाकावर बसवलं, चहा मागवला. चौकशीत आवाज चढवायची मला सवय नव्हती. गाडीचं काही विचारलंच नाही. नारळ कोण फोडतं, लिंबू चाकाखाली कोण ठेवतं, पंडितजी कुठून येतात, हे विचारत राहिलो. तो सैलावला.

"पूजा किस दिन होती है?"

"डिलीवरी के दिन ही, सर."

"तो इसकी डिलीवरी कब हुई थी?"

त्याने ग्लास खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. पहिल्या गिऱ्हाइकाने पूजा करून गाडी नेली आणि नोंदणी होण्याआधीच ती पावसात एका रपट्यावर, म्हणजे पाणी वरून वाहणाऱ्या बुटक्या पुलावर, अडकली. सीटपर्यंत पाणी चढलं. गिऱ्हाइकाने भांडून दुसरी गाडी घेतली. हिची सीट बदलली, दार रंगवलं.

"और बैटरी?"

"सर, अभी तो चल रही है."

त्या 'अभी'साठीच मी एवढा चहा पाजला होता.

जबाब नोंदवला, पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला. गुरुजींची आगाऊ रक्कम परत मिळाली. पण शोरूमच्या मालकाने व्हरांड्यातच आणखी सूट देऊ केली आणि गुरुजी डगमगले. माझ्याकडे आले.

"साहेब, तुम्ही असते तं घेतली असती का?"

माझी पत्नी तेव्हा धडधाकट होती. मी म्हणालो, "माझ्या बायकोला मी त्यात बसवलं नसतं."

दोघं बसस्टँडकडे चालत गेली. बाई मध्ये मध्ये थांबत होत्या. तपास फत्ते झाला होता, आणि मी फाटकाशी उभा राहून ते पाहत होतो.

गेल्या महिन्यात पत्नीच्या तेरवीला गुरुजी आले. एकटेच. बाई वर्षभरापूर्वी गेल्या. पंगत उठल्यावर मी विचारलं, "तेव्हा मी अडवलं. राग आला होता?"

"आला ना जी. लय दिवस होता."

नोकरीभर मी समजत होतो की खरं काय ते शोधून दिलं की पोलिसाचं काम संपलं. संपतं तेही. पण त्या खऱ्यासोबत पुढचा रस्ता माणसाला बसनेच काढावा लागतो.

"मग कंडक्टर समोरची सीट ठेवू लागला तिच्यासाठी," गुरुजी म्हणाले. "येताना माह्या खांद्यावर झोपे ती, वाटेतलं राजेगाव कवा गेलं समजत नसे. त्या गाडीत नसती झोपली, साहेब. रस्ताभर आम्ही दोघंही बॅटरीकडंच पाहत बसलो असतो."