झेल्मा प्रुएटचं पिस्तूल

एप्रिलमधल्या एका मंगळवारी दुपारी अडीच वाजता कुणीतरी झेल्मा प्रुएटच्या कपाळाला पिस्तूल लावलं, आणि तेव्हापासून दिवसाचे अडीच कधी वाजूच नयेत असं तिला वाटू लागलं.

चौसष्ट वर्षांची बाई. ओक्लाहोमात, महामार्गापासून आत, गावाच्या टोकाला तिचं गुराढोरांच्या खाद्याचं दुकान. कोंबड्यांचा दाणा, घोड्यांचं खाद्य, कुंपणाची तार, वासरांच्या लसी. नवरा हार्लन गेल्यावर सहा वर्षं ती ते एकटीनं चालवत होती, पन्नास पौंडांची पोतीही स्वतःच उचलायची. त्या दिवशी एक टोपीवाला आत आला, त्यानं कुत्र्याच्या खाण्याचा भाव विचारला, ती पाटी बघायला वळली आणि परत फिरली तर समोर नळी. सगळं चाळीस सेकंदांत उरकलं. गल्ला घेऊन तो गेला. तिला साधं खरचटलंही नाही, आणि भेटेल तो तिला तेच ऐकवत होता, जणू तिनं त्याबद्दल कुणाचे तरी आभार मानायला हवे होते.

माणूस सापडला नाही. म्हणजे टोपी घातलेला प्रत्येक जण तोच, आणि आमच्याकडे टोपी न घालणारा पुरुष शोधावा लागतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते झेल्माच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं. दाराची घंटी वाजली की ती काउंटरखाली वाकायची. आधी ती दुपारी दुकान बंद ठेवू लागली, मग सकाळी उशिरा उघडू लागली. गिऱ्हाइकं पलीकडच्या गावी वळायला लागली. हे असंच चाललं तर हिवाळ्याआधी दुकान विकावं लागणार हे तिला दिसत होतं, आणि दुकानाशिवाय झेल्माजवळ होतं तरी काय?

तेव्हा तिच्या धाकट्या भावानं, व्हर्लननं, तिला पिस्तूल आणून दिलं. छोटंसं, काळं, हातात मावणारं. त्यानं तिला कुरणात नेऊन डबे उडवायला शिकवलं आणि तिचा नेम त्याच्यापेक्षा बरा निघाला. अडचण नेमाची नव्हतीच. ते अंगावर नेमकं कुठं लावायचं यावरून महाभारत सुरू झालं.

"बाहेर लाव," व्हर्लन म्हणाला. तिघं नाश्त्याला बसले होते, पाव आणि पांढरा दाट रस्सा समोर. तिसरी नेल्डा, झेल्माची शाळेपासूनची मैत्रीण, कोर्टातून निवृत्त झालेली. "कमरेला, सगळ्यांना दिसेल असं. कुंपणाला 'कुत्रा चावतो' अशी पाटी का लावतात? चोरानं वाचून पुढं जावं म्हणून."

"आणि हुशार चोर असला तर आधी कुत्र्यालाच विष घालतो," नेल्डा म्हणाली. "चौघं दुकानात उभे असले तर पहिली गोळी कुणाला? जिच्या कमरेला दिसतंय तिला. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, व्हर्लन. शर्टाच्या आत लाव गं, झेल्मा."

"आत! म्हणजे वेळेला शर्टाची बटणं सोडत बसायचं?"

"तू गप रे. तुझ्या पिस्तुलानं आजवर मारलंय कुणाला? तुझ्याच फ्रिजला."

हे खरं होतं. व्हर्लननं साफ करताना स्वतःच्या फ्रिजला गोळी घातली होती, आणि तो फ्रिज अजून चालतो हे तो अभिमानानं सांगतो. असल्या तज्ज्ञांच्या सल्ल्यावर माणसं आमच्याकडे जीव टांगून ठेवतात.

झेल्मानं आधी भावाचं ऐकलं. चामड्याचं होल्स्टर उजव्या कमरेला, पिस्तूल त्यात, सगळ्या जगाला दिसेल असं. दोन आठवडे बरे गेले. दुकान पूर्ण वेळ उघडं राहिलं, अडीच वाजता ती काउंटरमागे ताठ उभी राहिली. मग एके सकाळी पेट्रोलपंपावर पैसे द्यायच्या रांगेत मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई, पिस्तुलाची पट्टी सुटलीय तुमच्या. मी ते केव्हाच उचललं असतं."

तो हसत होता. चांगलाच माणूस असावा, नाहीतर बोलला कशाला असता? पण झेल्मा गाडीत येऊन बसली आणि तिला किल्ली लावता येईना. जे तिला वाचवणार होतं ते हात पुढं करणाऱ्या कुणाचंही होतं. त्या दिवसापासून कोपरानं पिस्तूल दाबून धरायची तिला सवय लागली, आणि माणसाशी बोलताना ती त्याच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघू लागली.

मग नेल्डाचं ऐकलं. पँटच्या आतल्या बाजूला बसणारं होल्स्टर, वर हार्लनचा ढगळ शर्ट. ते पोटाला टोचायचं, वाकलं की रुतायचं, पण कुणाला दिसत नव्हतं. एक गोष्ट मात्र नेल्डानं सांगितली नव्हती, कारण असल्या गोष्टी कुणी सांगत नाही. टॉयलेटला गेलं की पट्टा सोडावा लागतो, पट्टा सुटला की पिस्तुलाच्या वजनानं सगळंच फरशीवर पडायला बघतं. म्हणून बायका-पुरुष ते काढून बाजूला ठेवतात. झेल्माही ठेवू लागली.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ती तार आणायला निघाली होती. महामार्गावरच्या खानावळीत तिनं पीचचा केक खाल्ला, टॉयलेटला गेली, बिल देऊन निघाली. अकरा मैल गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की सीटबेल्ट आज पोटाला रुतत नाहीये.

पिस्तूल फ्लशच्या टाकीवर राहिलं होतं.

परतीचे ते अकरा मैल तिनं कसे कापले ते तिला नंतर आठवेना. खानावळीच्या दाराशी एक गाडी भरून लहान मुलं उतरली होती हे तेवढं आठवत होतं. आत शिरली तर टॉयलेटचं दार आतून बंद.

"उघडा!" तिनं दोन्ही मुठींनी दार बडवलं. "आधी उघडा! आत्ताच्या आत्ता!"

आत काहीतरी खाली पडलं. मग एका बाईचा आवाज आला, अगदी बारीक. "मागं व्हा. माझ्याकडे पिस्तूल आहे."

झेल्मानं मुठी दारावरून काढल्या. पिस्तूल भरलेलं होतं. चुकून उडू नये म्हणून चाप अडवणारा खटका असतो, तो त्याला नव्हता. व्हर्लननं मुद्दाम तसलं निवडलं होतं, वेळेला काढायला विसरशील म्हणून. मधे होतं एक पातळ लाकडी दार.

"ते माझं आहे, बाळा," ती म्हणाली. "मी विसरले. मी आत्ताच इथं येऊन गेले."

"खोटं. तुम्हाला रिकीनं पाठवलंय."

"मी कुठल्या रिकीला ओळखत नाही. मी कोंबड्यांचा दाणा विकते."

खानावळीच्या काउंटरवरची मुलगी त्या पोरांना भराभर बाहेर काढत होती. झेल्मालाही बाहेर पळायचं होतं. पण आतल्या पोरीचा हात चुकून आवळला तर गोळी कुठं जाईल याचा नेम नव्हता, आणि ती गोळी झेल्माची होती. ती बाजूला सरकून भिंतीला टेकून फरशीवर बसली.

"मी खाली बसलेय बघ. दारासमोर नाहीये. तुझं बोट चापावर आहे का?"

"माहीत नाही."

"बघ तरी, बाळा."

"माझे हात हलतायत हो. मला नीट दिसत नाहीये."

"माझेही हलतात. चार महिने झाले. दाराची घंटी वाजली तरी हलतात." बोलायचं थांबायचं नाही एवढंच तिला कळत होतं. "एक माणूस आला होता दुकानात. त्यानं माझ्या कपाळाला लावलं. अजून झोपले की ते गार लागतं मला. आता हळूच बोट सरळ कर. नळीच्या कडेनं. झालं?"

मग, "झालं."

"नळी खाली धर. फरशीकडे. आणि कडी काढ."

कडी निघाली. तिशीची एक पोरगी बाहेर आली, पांढरीफटक, पिस्तूल खाली धरून. झेल्मानं ते तिच्या बोटांतून एकेक बोट सोडवत काढून घेतलं, गोळ्या काढल्या, आणि मग दोघी तिथंच फरशीवर बसून रडल्या. लाज दोघींनाही वाटली नाही.

पोरीचं नाव डेनिका. कॅन्ससहून टेक्ससला बहिणीकडे चालली होती, गाडी छतापर्यंत सामानानं भरलेली. रिकी तिचा नवरा. तिच्या मनगटांवरचे माराचे डाग पिवळे पडत आले होते. काउंटरवरच्या मुलीनं न विचारताच दोन कॉफ्या आणून ठेवल्या.

"तुम्हाला गोळी लागली असती तर," डेनिका म्हणाली.

"लागली नाही ना."

डेनिका कपाकडे बघत राहिली. "एक विचारू? हे मिळतं कुठं?"

"काय?"

"हेच. असंच छोटं." तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही दार बडवत होता ना, तेव्हा मी मेल्यासारखी झाले होते. पण हे हातात होतं. जानेवारीत रिकीनं हात उचलला, तेव्हापासून आज पहिल्यांदाच समोरचं माणूस मला घाबरलं."

समोरचं माणूस मीच होते गं, असं झेल्माच्या ओठांवर आलं होतं. घेऊ नकोस, जवळ असून मला एक रात्र धड झोप नाही, हेही. तिनं त्या मनगटांकडे पाहिलं. रिकी कदाचित याच रस्त्यानं मागून येत असेल. तिनं कागदी रुमाल ओढला आणि व्हर्लननं पिस्तूल घेतलं त्या दुकानदाराचं नाव लिहून दिलं.

डेनिकानं रुमालाची घडी केली. "बाहेर लावतात की आत?"

"आत," झेल्मा म्हणाली. "आणि टॉयलेटला गेलीस तर मांडीवर घेऊन बस."