खांबाला बांधलेलं टोक

बाबा गेल्याचं धाकट्या भावाने कळवलं, तेव्हा मला लगेच रडू आलं नाही. मी उठले, दाराआडच्या खुंटीवरचा अंबाडीचा जुना दोर काढला आणि मांडीवर घेऊन बसून राहिले. महिना उलटला, आता त्या दोराबद्दल लिहावंसं वाटतं आहे…

तळेगावला आमच्या कपाशीच्या कडेने अंबाडी असे. तिच्या सालीचा वाख, म्हणजे धागे, काढून बाबा बैलांसाठी दोर वळत. या कामाला दोघं लागतात. एकाने वाख जोडत मागे मागे सरकायचं, दुसऱ्याने लाकडी फिरकीने पीळ द्यायचा, मध्ये अंगणभर अंतर. बाबांच्या नाकावर राग, माझ्याही. माय म्हणायची, "एका दावणीचे दोन बैल हायेत हे!" त्यातून घरात एक रीतच पडली. आमचं वाजलं की बाबा माझ्या हाती फिरकी देत आणि दोर पुरा होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. तोवर दोघांचाही राग हातातून उतरून गेलेला असे. माझ्या त्या वयात आमच्या बैलांना दोर कधी कमी पडले नाहीत!

छप्पनच्या आसपासची गोष्ट. मी पंधरा वर्षांची होते आणि वर्ध्याला वसतिगृहात राहून पुढे शिकायचं माझ्या मनाने घेतलं होतं. बाबा "नाई" म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले. मी अबोला धरला, त्यांच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाले. एका सकाळी त्यांनी मुकाट्याने फिरकी पुढे केली. मी ती अशी गरगरा फिरवली, की पीळ फाजील झाला आणि दोराला मध्येच मुरड पडून वेटोळं उठलं. आता बोलणी बसणार, म्हणून मी मान खाली घातली. पण रीत मोडून बाबाच बोलले.

"मले राग नाई आला, इंदू. भेव वाटून राह्यलं. तू गेली त मले करमणार नाई."

आष्टीच्या बाजारात भल्याभल्यांना न जुमानणारा माझा बाप असं बोलला. माझे हात थांबले.

"मंग मी काय करू, बाबा?"

"तू जाजो. भेव माह्यं हाय, त्याचं मी पाहीन. आता पीळ उलटा सोड. ढिल्ला नको सोडू, वढू बी नको."

वेटोळं सुटलं, थोडी मुरड तेवढी राहिली. तेवढा भाग उकलून पुन्हा वळू, असं मी म्हटलं. "राहू दे, तुह्या रागाची हाय ते," म्हणत ते हसले. मग बोलत बोलत आम्ही बाकीचा दोर वळला, आणि वर्ध्याला निघताना त्यांनी माझी वळकटी त्याच दोराने बांधली.

मला मोटारीत बसवून घरी आल्यावर बाबांनी काय केलं, ते मायने पुढे दिवाळीत सांगितलं. नव्या दोराचं दुसरं, माझ्याकडे असायचं ते टोक गोठ्याच्या खांबाला बांधून ते एकटेच संध्याकाळपर्यंत वळत बसले होते. ऐकून मला वाईटही वाटलं आणि फार बरंही वाटलं.

हल्ली मी त्या दोरावरून हात फिरवते. मुरडीशी बोटं अडतात, तिथे मी रागावलेली आहे. त्यापुढचा दोर मात्र टोकापर्यंत सरळ आहे.