साखर झालेला मध

माझी धाकटी काकू कपडे शिवते आणि त्याहून जास्त उसवते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, शेजारी उभा आरसा, आणि त्या आरशासमोर पोट आत घेऊन उभं राहिलेलं कुणी ना कुणी. "जरा सैल करून द्या, धुऊन आटलाय," असं गिऱ्हाईक म्हणतं आणि काकू गंभीरपणे म्हणते, "आटतं हो कापड." माणूस वाढलाय हे ती कधीच तोंडावर सांगत नाही. मात्र मनात ठेवते. मनात ठेवण्याच्या बाबतीत काकूचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. एका बाईनं कधीकाळी हिच्या शिलाईला "ठीक आहे" म्हटलं होतं. त्या बाईच्या कपड्यांना आजही घट्ट बसणारी बटणाची काजं मिळतात.

काकूकडे काही वाया जात नाही. कापडाच्या चिंध्या उशीत जातात, उशी फाटली की पायपुसण्यात. स्वयंपाकघरातही तेच. कालच्या पावाचं आज पुडिंग होतं, भाज्यांच्या देठांचं सूप होतं, आणि ते सूप उरलं तर दुसऱ्या दिवशी वेगळ्याच नावानं ताटात येतं. काका घड्याळं दुरुस्त करतात. समोर आलेलं खातात आणि चुकलंच तर मान डोलावतात. त्यांचा संसार टिकलाय तो या मानेवर.

आता आत्या. काकांची मोठी बहीण, काकूची नणंद, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. आम्ही भाचेमंडळी तिला मागून तारीखआत्या म्हणतो. आत्या वस्तू हातात घेते ती उलटी करूनच. आधी तारीख, मग वस्तू. तारीख उलटली की पाकीट फोडलेलं असो वा नसो, आत काय आहे याची चौकशी न करता ते कचऱ्यात. दर शनिवारी तिच्या घरी झडती असते. एकदा तिनं मिठाची पिशवी टाकली होती. "मीठ कसं खराब होईल गं?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "छापणारे काय वेडे आहेत?" आम्ही छापणाऱ्यांची बाजू घेऊन गप्प बसलो.

काकूचं पित्ताशय काढायचं ठरलं तेव्हा घर सांभाळायला आत्या आली. मदतीला आली, हे काकूही नाकारत नाही. भावाला वेळेवर जेवायला घातलं, फरशा घासल्या, पडदे धुतले. आणि एका दुपारी रिकामपणी फ्रिज उघडला.

काकू दवाखान्यातून घरी आली ती पोट धरून, एकेक पाऊल टाकत, सरळ स्वयंपाकघरात. तिथं फिनेलचा वास येत होता. फडताळ असं लखलखत होतं, जसं नव्या घरात भाडेकरू यायच्या आधी असतं. काकूनं वरच्या कप्प्यात हात घातला. तिथं एक गोल डाग होता. बाटलीच्या बुडाचा.

"वन्सं, इथली मधाची बाटली?"

"टाकली. अगं, किती जुनी तारीख होती तिच्यावर. तू खात होतीस का ते?"

"ती भरल्याची तारीख होती."

"तारीख ती तारीख. आणि सगळी साखर झाली होती आत. चमचा जाईना. गरम पाणी ओतून ओतून मोरीत सोडला."

तो मध काकूच्या वडिलांनी काढलेला होता. वडिलांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या, आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवून ते शिसपेन्सिलीनं, जाड अक्षरात, भरल्याचा दिवस लिहायचे. ही त्यांच्या शेवटच्या वर्षाची, शेवटची बाटली. वडील गेल्यापासून काकू ती पुरवत होती. घसा बसला की बोटभर, आणि कधी कधी घसा न बसताही बोटभर. ती संपवायची नव्हतीच. फक्त असू द्यायची होती.

काका म्हणाले, "तिनं काही मुद्दाम केलं नाही गं."

काकू कॉटवर जाऊन पडली आणि भिंतीकडे तोंड केलं. टाके सुकेपर्यंत तिनं मनातल्या मनात काय काय शिवलं ते तिचं तिला माहीत.

हिंडूफिरू लागल्यावर आभार मानायला म्हणून ती आत्याकडे गेली. आत्यानं चहा केला. साखर घालायला ओट्यावरची बरणी पुढे ओढली, आणि काकूनं पाहिलं, ती बरणी नव्हती. ती वडिलांची बाटली होती. घासून स्वच्छ केलेली. चिठ्ठी अर्धी निघालेली, अर्धी चिकटून, तिच्यावर पेन्सिलीच्या अक्षराचा एक तुकडा.

"काच चांगली होती, टाकवेना," आत्या म्हणाली. "साखर किती पाहिजे?"

"नको," काकू म्हणाली.

घरी परत आल्यावर ती मला म्हणाली, "साखर झाली म्हणून माझ्या बाबांचा मध मोरीत ओतला, आणि त्याच बाटलीत साखर भरली. मी या बाईला सोडणार नाही." आवाज अगदी मऊ होता. मशीन मात्र त्या संध्याकाळी आगगाडीसारखं धावत होतं.

मी म्हटलं, "भांड की एकदा, मोकळी हो."

"भांडून काय होतं? त्या रडतील, तुझे काका मान डोलावतील, आणि शेवटी वाईट मीच. मला त्यांना त्यांच्याच तारखांनी उसवायचंय. टाका टाका."

त्यासाठी आधी अभ्यास हवा होता. काकू आजवर नाकावर चालत आलेली. हुंगायचं, चाखायचं, ठरवायचं. पण समोरच्या पक्षाचा सगळा कारभार बारीक अक्षरांत. तेव्हा तिनं काकांचं घड्याळाचं भिंग घेतलं, डोळ्यात बसवलं आणि घरातलं एकेक पाकीट वाचायला बसली. काका भिंगाशिवाय हातावर हात ठेवून समोर.

"अहो, इथं दोन वेगळी वाक्यं आहेत," ती म्हणाली.

"असतील," काका म्हणाले. "माझं भिंग."

"थांबा. बिस्किटांवर, पास्त्यावर, जॅमवर 'बेस्ट बिफोर' आहे. म्हणजे त्या तारखेपर्यंत चव उत्तम. नंतर फार तर कुरकुरीतपणा जाईल, वास कमी होईल. टाका असं कुठं लिहिलंय? आणि कच्च्या मांसावर, माशावर 'यूज बाय' आहे. ती तारीख गेली की खायचं नाही. वन्सं दोन्ही एकच समजतात."

तिच्या एका डोळ्यात भिंग होतं आणि दुसऱ्यात जो आनंद होता तो मला बरा वाटला नाही.

पुढच्या शनिवारी झडतीच्या वेळेला काकू बरोबर आत्याच्या दारात. "वन्सं, कोपऱ्यावरच जातेय, तुमची कचऱ्याची पिशवी देऊ का टाकून?" आत्या गहिवरली. ऑपरेशन झालेली बाई कचरा उचलते म्हणजे काय. पिशवी कोपऱ्यावरून वळून सरळ काकूच्या ओट्यावर आली. न फोडलेला पास्ता. ओट्सचा डबा. घट्ट चीजची लादी, कडेला किंचित बुरशी. काकूनं भिंग लावून एकेक वाचलं, पाकीट फुगलंय का, फाटलंय का पाहिलं. चीजची बुरशी चांगली जाड कापून काढली. प्रत्येक गोष्ट आधी स्वतः खाल्ली, मग काकांना घातली, आणि रविवारी आत्याला जेवायला बोलावलं.

आत्या आयुष्यात कुणाच्या स्वयंपाकाला चांगलं म्हणालेली नाही. त्या रविवारी ती म्हणाली, "पास्ता बरा झालाय. चीज कुठलं गं हे?"

"तुम्ही घेता त्याच दुकानातलं," काकू म्हणाली आणि आणखी वाढलं.

मग ते दर आठवड्याचंच झालं. आत्याच्या बिस्किटांचा चुरा केकच्या बुडाशी बसून आत्याच्याच पोटात गेला. तिनं टाकलेला जॅम तिनंच बोट फिरवून संपवला. काकू रिकामी पाकिटं धुऊन, वाळवून, चिंध्यांच्या पिशवीत जपत होती. काकांचा साठावा वाढदिवस जवळ येत होता. सगळं घर जमणार होतं. बेत असा, की जेवण झालं, आत्या हात पुसत मागे टेकली की ती सगळी पाकिटं तिच्यासमोर ओळीनं मांडायची. आणि त्यांच्यामागून विचारायचं, माझी बाटली कुठाय.

"जरा जास्त होतंय का हे?" मी विचारलं.

"मध मोरीत गेला तेव्हा तू कुठं होतास?" काकू म्हणाली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पिशवीत घबाड निघालं. धुरी दिलेल्या माशाचं मोठं, महागडं पाकीट. जेवणातला मानाचा पदार्थ समोर चालून आला होता. काकूनं फोडून हुंगलं. वास सुरेख. रंग सुरेख. तिनं भिंग लावलं आणि वाचलं. मग पाकीट उन्हाकडे धरून पुन्हा वाचलं, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर छपाई बदलेल.

"यूज बाय," ती म्हणाली. "परवाच गेली."

"वास तर चांगला येतोय," काका म्हणाले. त्यांना मासा आवडतो.

"या तारखेला वासाचं चालत नाही, असं आहे ना ते. वास येत नाही आणि माणूस आडवा होतो. मुदत संपायच्या आत गोठवला असता तर गोष्ट वेगळी. आता नाही." तिनं पाकीट कचऱ्यात टाकलं, वर बटाट्याच्या साली टाकल्या, काकांच्या नजरेपासून वाचावं म्हणून. "मला त्यांचा जीव नको आहे. तोंड पाहायचंय फक्त."

मग तिला काहीतरी आठवलं आणि ती स्टुलावर बसली.

"मी दवाखान्यात गेले तेव्हा आपल्या फ्रिजमध्ये असंच एक पाकीट होतं. तारीख गेलेलं. वास चांगला होता म्हणून मी ठेवलं होतं. तुम्हाला डब्यात द्यायला."

"मग?" काका म्हणाले.

"मग काय. वन्संनी टाकलं." तिनं त्या कचऱ्याच्या डब्याकडे रागानं पाहिलं. "हे मला आजच कळायला हवं होतं का?"

मला वाटलं, झालं, आता बेत रहित. पण माझ्या काकूला मी पुरता ओळखत नव्हतो. ती उठली आणि म्हणाली, "माशाचे उपकार माशापुरते. मध वेगळा."

वाढदिवशी घर भरलं. आत्या नवी साडी नेसून मध्यभागी. तिनं पास्ता दोनदा घेतला, केक तीनदा, आणि चारचौघांत म्हणाली, "तुझ्या हाताला हल्ली चव आली आहे. आधी तू शिळंपाकं फार करायचीस." हे वाक्य काकूला देवानंच दिलं. तिनं पदराला हात पुसले आणि आतून चिंध्यांची पिशवी आणली.

पाकिटं ओळीनं मांडली गेली. तारखेची बाजू वर.

आत्यानं सवयीनं पहिलं उचललं, उलटं केलं. दुसरं उचललं. तिसऱ्यावर तिच्याच हातची काट मारलेली होती, टाकताना ती मारते तशी. आत्याचा चेहरा पांढरा पडला आणि हात पोटावर गेला.

"मला कसंतरी होतंय," ती म्हणाली.

"दर रविवारी हेच खाताय वन्सं," काकू म्हणाली. "पोट आजच कसं वाचायला शिकलं?"

कुणीतरी हसलं. बहुतेक काकाच, कारण लगेच ते मान डोलावू लागले. काकूनं एकेक पाकीट घेऊन दोन वाक्यांतला फरक सांगितला, शांतपणे, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा. माशाचंही सांगितलं. "तो तुम्ही टाकलात ते बरोबर केलंत. दोन्ही वेळा." हे म्हणताना तिला पित्ताशय काढण्याहून जास्त कष्ट पडले असावेत. "पण माझ्या बाबांनी तारीख लिहिली होती ती मध भरल्याची. मध साखर होतो, म्हणून मरत नाही. मला माझी बाटली हवी."

आत्या चप्पल घालून गेली. पंगत तिथंच मोडली. थोड्या वेळानं ती परत आली. हातात बाटली. साखर काढून, धुऊन, पण चिठ्ठीला पाणी लागू न देता धुतलेली.

"मला खरंच माहीत नव्हतं गं, वडिलांची म्हणून," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर कळलं असतं," काकू म्हणाली आणि बाटली घेतली. माफ केलं असं म्हणाली नाही. आत्यानं तसं विचारलंही नाही.

हे होऊन बरेच शनिवार गेले. आत्याच्या झडतीची पिशवी आता हलकी असते, कधी कधी नसतेच. आत्यानं भिंग विकत घेतलंय. "बाईनं माझा माल तोडला," असं काकू दातओठ खाऊन म्हणते. रविवारी मात्र आत्या येते, कारण जेवण चांगलं असतं. ताटावर बसली की घाबरत विचारते, "तारीख काय याची?" आणि काकू म्हणते, "जेवा, मग सांगते." जेवण झाल्यावर ती सांगत नाही. रिकामी बाटली मशीनजवळच्या खिडकीत ठेवलेली असते, आत्याच्या जागेवरून नेमकी समोर दिसेल अशी.

मागच्या महिन्यात आत्यानं दुकानातून मध आणला. मोठी बाटली, झाकणाला सोनेरी कागद. काकूनं ती उलटी केली, भिंगाशिवाय वाचली, "बेस्ट बिफोर" म्हणाली आणि न फोडता फडताळाच्या वरच्या कप्प्यात, त्या गोल डागावर बसवून दिली.

"उघड की," आत्या म्हणाली. "चाखून तरी बघ."

"घाई काय आहे?" काकू म्हणाली. "थंडी येऊ दे. सगळी साखर होऊ दे, चमचा जाईनासा झाला पाहिजे. पहिला चमचा तुम्हालाच द्यायचाय."

तेव्हापासून आत्या आली की आधी फडताळाकडे बघते. बाटलीच्या तळाशी पांढरं दिसायला लागलंय.