बिजलीबाईच्या मापाचे बूट

माझं पार्लर महागावात, बाजाराच्या रस्त्यावर. कापूस निघायचे दिवस होते. एका दुपारी समोर ट्रॅक्टर थांबला, तोही असा की दारातला अर्धा उजेड गेला. आत खुर्चीवर राखी बसली होती. तिचं लग्न तोंडावर आलेलं आणि तोंडावर मुलतानी माती. ट्रॅक्टरवरून एक उंच बाई उतरली. अनवाणी, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर खताची चुंगडी, म्हणजे रिकामं पोतं, पण तळाशी काहीतरी जड. आत येऊन तिनं ती चुंगडी माझ्या टेबलावर उलटी केली आणि क्रीमच्या डब्यांत दोन बूट येऊन पडले.

असे बूट मी कधी पाहिले नव्हते. चांगले पोटरीपर्यंत उंच, जाड चामड्याचे, नाडी कुठंच नाही. घोट्यावर एक पट्टा, वरच्या काठाला एक पट्टा, दोन्हीला लोखंडी बक्कल. रंग म्हणाल तर पिठल्याचा. त्यातल्या एका बुटाचं नाक तेवढं काळपट झालेलं, आजारी बकरीसारखं.

"याले रंग मारून दे," बाई म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, हे पार्लर हाय, मी केस रंगवते. तिनं ते काळं नाक माझ्यासमोर धरलं. केसांचाच रंग लावून पाह्यला, धरला नाही, म्हणाली. मी म्हटलं, चामडं वेगळं असते.

"चामडं म्हणजे कातडीच ना? अन् तू कातडीचंच काम करून राह्यली," असं म्हणून तिनं राखीकडे बोट दाखवलं. राखी हसली आणि तिच्या तोंडावरची वाळलेली माती तडकून खाली पडली. तिचा लेप मला पुन्हा लावावा लागला.

ही बिजलीबाई आडे. नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावर राहते. नवरा किसनसिंग आधी स्वतः ट्रॅक्टर चालवायचे, लोकांची वखरणी, नांगरणी, माल वाहतूक करायचे. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला. लोक नांगरणीसाठी दारात येऊन परत जायला लागले तेव्हा बिजलीबाईनं चावी उचलली. लहानपणी आईबापाबरोबर ती ऊसतोडीला जायची. उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ड्रायव्हर ती तासन्‌तास बघत बसायची, त्यामुळे कोणता पाय कधी दाबायचा हे तिला पाठ होतं. पहिल्या दिवशी तिनं गोठ्याची भिंत पाडली. पुढच्या हंगामात तिला तांड्याबाहेरूनही बोलावणी यायला लागली.

आणि पाय. बिजलीबाईचे पाय फार मोठे आहेत. हे मी नाही, तीच सगळ्यांना पहिल्यांदा सांगते. लग्नात सासरहून आलेली चप्पल तिच्या बोटांतच अडकली आणि ती मांडवात अनवाणी उभी राहिली. बायकांच्या मापाचं काहीही तिच्या टाचेला पुरायचं नाही. पुरुषांची चप्पल घातली की सासू म्हणायची, कोण पाहुणा आला बाहेर? मग तिनं पायात काही घालणंच सोडलं. ढेकळं असोत, कापसाच्या पऱ्हाटीचे खुंट असोत, ट्रॅक्टरचं तापलेलं पायडल असो, सगळं उघड्या पायानं.

तिचा मुलगा प्रेम पुण्याला कंपनीत आहे. त्यानं हौसेनं मोठी मोटरसायकल घेतली, तिच्यावर शोभावेत म्हणून हे बूट घेतले. मोटरसायकल विकली, बूट राहिले. दिवाळीला घरी आला तेव्हा ते घेऊन आला आणि कोपऱ्यात टाकून परत गेला. एका सकाळी अंगण झाडता झाडता बिजलीबाईनं सहज एक पाय आत घातला. पाय सरकत सरकत खाली गेला आणि टाच बरोबर टाचेच्या जागी जाऊन बसली. तिनं दुसरा घातला. मग ती झाडू तसाच टाकून पूर्ण तांड्याला चक्कर मारून आली.

प्रेमला फोन लावून तिनं विचारलं, हे कोणाचे बूट असतात? तो म्हणाला, याले इंजिनिअर बूट म्हणतात. पूर्वी तिकडं परदेशात आगगाडीचं इंजिन चालवणारे घालायचे, पायावर निखारा पडला तरी भाजू नये म्हणून. आणि नाडी नसते, म्हणजे कशात अडकत नाही.

"म्हणजे ड्रायव्हरचेच ना," बिजलीबाई म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून ते बूट तिचे.

एकच अडचण होती, तो पिठल्याचा रंग. तिला लाल पाहिजे होता. लाल म्हणजे कुंकवाचा नाही, विटेचा नाही. पिकून काळपट व्हायला आलेल्या बोराचा. माझ्या पार्लरमधली नेलपॉलिशची पेटी तिनं बोटांनी पालथी घातली, एक बाटली उचलली आणि म्हणाली, हा.

मी हो म्हणून बसले. का म्हटलं ते सांगते. माझ्याकडे येणाऱ्या बाया म्हणतात, थोडं गोरं कर, थोडं बारीक दाखव, सुरकुती लपव. ही पहिली बाई, जी म्हणाली, असं कर की दुरून दिसलं पाहिजे.

मोबाइलवर शोधाशोध करून मी चामड्याचा रंग मागवला. बाटली आली, आणि एका रविवारी पार्लरला कुलूप लावून मी तांड्यावर गेले. अंगणात बाज टाकलेली, तिच्यावर बूट मांडलेले, पाहुणे बसवावेत तसे. रंगाला स्पिरिटचा उग्र वास येतो, बंद खोलीत करू नका, असं बाटलीवरच लिहिलेलं. म्हणून लिंबाखाली बसलो. आधी नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन बूट घासले. कंपनीची वरची चमक निघाल्याशिवाय नवा रंग आत शिरत नाही, हे केसांसारखंच. काळं नाकही बरंचसं निघालं. चामडं उघडं पडलं, कोरडं, फिकट, बिचारं.

शेजारची भागीरथा कुंपणावरून बघत होती. चामडं घेऊन काय बसली बाप्पा दारात, असं तिनं नाक मुरडून विचारलं. बिजलीबाईनं तिच्या हातात एक फडकं दिलं. भागीरथा आत आली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

बूट आतून ताठ राहावा म्हणून किसनसिंगांना हात आत घालून बसवलं. एकेका हातात एकेक बूट, कोपरापर्यंत. ते बोलायचे कंजूष. बायकोनं सांगितलं म्हणून मुकाट बसले. मी गोधडीच्या चिंधीचा बोळा रंगात बुडवून गोल गोल फिरवायला लागले. पहिला हात असा डागाळला की बिजलीबाईचा चेहरा उतरला. कुठं गुलाबी, कुठं तपकिरी, जणू बुटाला गोवर आला. वाळू दे, मी म्हटलं आणि बाटलीवरचं पुन्हा एकदा वाचून काढलं. दुसऱ्या हाताला रंग थोडा जुळला. तिसऱ्याला बूट गंभीर झाला. आणि तेवढ्यात एक पांढरी कोंबडी बाजेवर उडी मारून आली, तिला हाकलायला किसनसिंगांनी दोन्ही हातांचे बूट उगारले, आणि बाटली कलंडली.

बूट टाकून बाटली धरायला गेलेल्या किसनसिंगांच्या दोन्ही हातांवरून रंग वाहिला. कोंबडीचा एक पंख लाल झाला. भागीरथाच्या पायाची बोटं लाल झाली. बिजलीबाईनं ओरडायच्या आधी सांडलेला रंग फडक्यानं टिपून बुटाच्या टाचेला लावून घेतला, आणि मग ती हसायला लागली. ती हसली की पूर्ण उंचीनं हसते. आम्ही सगळे हसलो, किसनसिंगसुद्धा, हात हवेत धरून. कोंबडी तांडाभर हिंडून आपला पंख दाखवत राहिली.

तो रंग किसनसिंगांच्या हातांवरून निघेना. लिंबू, रॉकेल, माझं क्लिन्झर, सगळं करून झालं. त्यात पुतण्याची सोयरिक करायला त्यांना दिग्रसकडे जावं लागलं. मुलीकडच्या म्हातारीनं विचारलं, तुमच्या तांड्यावर काकाचे हात रंगवायची रीत हाय काय? एवढं सगळं समजावून सांगण्यापेक्षा किसनसिंग हो म्हणून मोकळे झाले. म्हातारीनं लगेच मुलीच्या काकालाही मेंदी लावून बसवलं. सोयरिक जमली. ही गोष्ट त्यांनी परत आल्यावर इतक्या शांतपणे सांगितली की हसून हसून बिजलीबाईला बाजेवर आडवं व्हावं लागलं.

बुटांचं पुढचं काम तिनं स्वतः केलं. मी फक्त जास्तीचा रंग कोरड्या फडक्यानं पुसून काढायला, क्रीम मुरवायला आणि वरून मेण घासायला शिकवलं, नाही तर रंग पायाला लागत राहिला असता. मेण घासल्यावर ते बूट जे चमकले! वाकून बघितलं तर लिंबाच्या फांद्या दिसत होत्या. मग तिनं पेटीतून आईच्या हातचा एक पट्टा काढला. आजोबांच्या बैलाच्या गळ्यातला, कवड्या आणि आरसे लावलेला. बैल गेले, बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरणारे तांडे त्याच्याही आधी गेले, पट्टा राहिला. तो मधून कापताना तिचा हात थोडा थांबला. मग तिनं कापला. दाभणानं वरच्या पट्ट्याला भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं एकेक तुकडा एकेका बुटाला शिवला. लोखंडी बकलं काढून पितळी लावली. आणि डाव्या बुटाला घुंगरू.

डाव्यालाच का, असं मी विचारलं.

"डाव्या पायात क्लच हाय. दाबला का नाही, मले ऐकू आलं पाह्यजे," ती म्हणाली.

माघ महिन्यात जवळच्या एका गावच्या जत्रेत ट्रॅक्टर उलटा चालवायची स्पर्धा होती. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे मागे न्यायचा, दोन्ही बाजूंना झेंड्याच्या काठ्या रोवलेल्या, मध्ये वळण. काठीला धक्का न लावता शेवटपर्यंत जायचं. ट्रॉली डावीकडे वळवायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं, भल्याभल्यांची त्यात फजिती होते. बिजलीबाई नाव द्यायला गेली तेव्हा मांडवातल्या माणसानं विचारलं, ड्रायव्हर कुठी हाय? तिनं पाय उचलून टेबलाच्या काठावर ठेवला. आरसे चमकले. त्यानं नाव लिहून घेतलं.

तिच्या आधी पोरं येऊन गेली, गॉगल लावलेली, मोठ्यानं हॉर्न वाजवणारी. बऱ्याच काठ्या पडल्या. मग तिचा नंबर आला. ती चढली, मागे वळून बसली, एक हात मागच्या पत्र्यावर, एक स्टिअरिंगवर. माणसं तिला बघायला पुढं सरकली. ट्रॅक्टर हळू हळू मागे निघाला. क्लच दाबला की छुन, सोडला की छुन. वळण आलं तशी लोकांची कुजबुज थांबली आणि इंजिनाच्या आवाजातूनही ते घुंगरू ऐकू यायला लागलं. पुढच्या ओळीतल्या कोणीतरी त्यावर टाळी धरली. मग दुसऱ्यानं. डफडंवाले कडेला बिड्या ओढत बसले होते, त्यांनी बिड्या टाकून ठेका उचलला. वळणावर ट्रॉलीचं चाक एका काठीच्या इतकं जवळून गेलं की झेंडा फडफडला. काठी उभी राहिली. किसनसिंग माझ्याशेजारी होते. त्यांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की त्यांच्या फिकट लाल बोटांचे ठसे उमटले.

ती शेवटच्या रेषेपलीकडे गेली. एकही काठी पडली नव्हती.

वेळ जास्त लागला म्हणून तिचा नंबर तिसरा आला. पहिल्या दोघांनी घाई केली, तरी त्यांच्याही काठ्या वाचल्या. बक्षीस फवारणीचा पंप. तो पाठीला अडकवून ती ट्रॉलीत चढली आणि नाचायला लागली. लोखंडी पत्र्यावर ते बूट असे वाजले की डफडंवाल्यांना तिच्या मागून यावं लागलं. तांड्याच्या बाया चढल्या, भागीरथा चढली, गॉगलवाली पोरंही चढली. खाली उतरल्यावर बायांनी एकेक करून ते बूट घालून पाहिले. प्रत्येकीचा पाय आत पोहत होता. एकीला तर दोन्ही पाय एकाच बुटात घालता आले. बिजलीबाई पंपावर बसून बघत होती. ज्या पायांवरून तिला आयुष्यभर चिडवलं, ते तिनं समोर मातीत लांब पसरून ठेवले होते आणि बोटं हलवत होती.

"आछो छ," ती त्या पायांकडे बघून स्वतःशीच म्हणाली. बंजारा बोलीत याचा अर्थ, छान आहे.

परतताना मी मडगार्डवर बसले, किसनसिंग ट्रॉलीत, पंपाला धरून. सूर्य खाली आला होता, तुरीच्या शेतांवरून गार वारा येत होता आणि माझे बांधलेले केस कधीच सुटले होते. तांड्याचा फाटा आला. तिनं वेग कमी केला नाही. फाटा मागे गेला. किसनसिंगांनी मागून ओरडून विचारलं, कुठी चालली?

"डिझेल हाय ना अजून," बिजलीबाई म्हणाली आणि उजवा पाय आणखी दाबला.