जिजीच्या गोधडीचा चौथा कोपरा

कमेंटमध्ये ज्ञान पाजळायचं असेल तर खुशाल पाजळा. मी स्वतः हायस्कूलला विज्ञान शिकवते. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम तिच्यावरून स्कूटी घालणारी बाई आहे मी. अमावस्येला ओले केस मोकळे सोडून विहिरीवर गेलेली आहे, सर्दी तेवढी झाली. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं. आणि जिच्याबद्दल लिहितेय तिला कुणी भूत म्हटलेलं मी खपवून घेणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

माझं सासर वसमतला. माहेर डोंगरकडा या गावापासून चार-पाच किलोमीटर आत. माहेरी आई, बाबा आणि बाबांची आई, म्हणजे जिजी.

जिजी पंचविशीत विधवा झाली. पदरात तीन लेकरं – बाबा, काका आणि आत्या. दीर म्हणाले, माहेरी जा. ही म्हणाली, "काहून जाऊ? माझ्या लेकरायचं घर हाये हे." मग लोकांच्या हळदी काढल्या, कापूस वेचला, मोकळ्या दुपारी मजुरीवर लोकांच्या गोधड्या शिवल्या आणि तिघांनाही शिकवलं. बाबा सांगतात, लहानपणी आम्ही मायला जेवताना पाहिलंच नाही. विचारलं की म्हणायची, "मी मघाशीच जेवले." ती कधी जेवायची ते कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्याकडे गोधडी पूर्ण होत आली की शेवटचा कोपरा मिटवण्याआधी आत भाकरीचा एक तुकडा घालतात. गोधडीचं पोट भरायचं, म्हणजे तिच्यावर निजणारं लेकरू उपाशी निजत नाही. कॉलेजात असताना मी शहाणपणा केला होता – "जिजी, उंदीर लागतील, हायजीन नावाची काही गोष्ट असते." तिनं सुई थांबवली नाही. म्हणाली, "उपाशी काय असतंय ते तुला ठावं न्हाई, म्हणून तुला उंदीर दिसून राहिले. मी निजले उपाशी. माझी गोधडी न्हाई निजणार."

पुढचा दोरा मीच सुईत ओवून दिला.

घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराला जिजीची गोधडी होती. माझ्याच लेकराला द्यायची राहिली होती, कारण माझं दोनदा पोट पडलं. लोक भेटायला यायचे आणि माझ्यातच काहीतरी खोट काढून जायचे. जिजी दोन्ही वेळा एसटीनं वसमतला आली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि "गप नीज" एवढंच म्हणाली.

तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात मी माहेरी आले, तर जिजी ओसरीवर गोधडी घेऊन बसलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टाके असे, की एक वसमतला तर दुसरा नांदेडला! मी म्हटलं, आधी ऑपरेशन कर. तर म्हणे, "आधी गोधडी, मंग डोळे." एका संध्याकाळी फक्त चौथा कोपरा राहिला, एक वीतभर. तिथं दोऱ्यासकट सुई टोचून ठेवली अन् म्हणाली, "उद्या भाकर घालू अन् मिटवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच ती गेली.

तिसऱ्या दिवशी आत्यानं जिजीचं अंथरूण-पांघरूण बाहेर काढलं आणि माझ्याकडे हात केला. "हे बी दे इकडं. मेल्या माणसाचं अर्धं राह्यलेलं शिवण लेकराच्या अंगाखाली घालत नसतेत. तुझं आधीच दोनदा..."

मी गोधडी अंगणात अंथरली आणि सात महिन्यांचं पोट घेऊन तिच्यावर फतकल मारून बसले. म्हटलं, "उचला आता."

आत्या रडली, ओरडली. "तकलीफ झाली त आमाला बोल लावू नको!" चार बायकांसमोर म्हणाली. आता काही झालं असतं तर दोष माझा आणि त्या गोधडीचा, हे मला स्वच्छ कळत होतं. भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. पोटात थोडा वेळ हालचाल जाणवली नाही की मी पोटावर हात ठेवून वाट बघत बसायचे. पण गोधडी दिली नाही.

सुतकात सुई धरायची नाही म्हणून ती तशीच, सुईसकट, लोखंडी पेटीत ठेवली. कुलूप लावलं. एकच किल्ली, ती माझ्या पर्समध्ये. तेरावं झालं, आत्या तिच्या गावी गेली. पंधराव्या दिवशी वसमतला तपासणी होती. निघताना मी पेटी उघडून आईला तो उघडा कोपरा दाखवला – "आल्यावर भाकरी घालून मिटवू." मग पेटीला कुलूप, घराला कुलूप आणि मी, आई, बाबा तिघंही एसटीत.

डॉक्टरांनी सगळं बरोबर आहे म्हटलं. दुपारी तीनच्या सुमारास परत आलो. आईनं आल्या आल्या तवा ठेवला. मी पेटी उघडली...

कोपरा मिटलेला होता.

आधी वाटलं, आपण गोधडी उलटी धरली. चारही कोपरे पाहिले. परत पाहिले. सुई शेजारीच टोचलेली, पण तिच्यात दोरा नाही. दोऱ्याचं टोक कात्रीनं कापलेलं नव्हतं, दातानं तोडलेलं होतं. जिजीनं जन्मात कात्री वापरली नाही. पण टाके मात्र बारीक, सरळ, ओळीत. गेल्या दहा वर्षांतल्या जिजीला असा टाका जमणं शक्यच नव्हतं.

मग मी माझी लहानपणची गोधडी काढली, तिनं डोळे चांगले असताना शिवलेली, आणि शेजारी ठेवली. तोच टाका. सात सरळ, मग एक उलटा. सात सरळ, एक उलटा. आई पिठाच्या हातानं येऊन बघत राहिली. हळूच म्हणाली, "दिसाय लागलं वाटतं त्यांना."

तव्यावरची भाकरी तिनं माझ्या ताटात वाढली. मी रडत रडत खाल्ली.

माझा पहिला संशय आत्यावर. टाका तिला येतो, जिजीनंच शिकवलाय. लगेच फोन लावला. ती सकाळपासून शेतात होती, सोबत दहा बाया. मी सगळं सांगितलं. मला वाटलं आता म्हणेल, जाळून टाक. ती म्हणाली, "आत भाकर घातली का गं तिनं?"

बाबा म्हणाले, कुणीतरी दुसरी किल्ली केली असेल. असेल! दोन कुलपं उघडून, घरातलं काही न उचलता, एक वीतभर गोधडी शिवून परत कुलपं लावणारा चोर आमच्या गावात असेल तर त्याचा सत्कार करायला पाहिजे. भावकीतल्या एका चुलत्यानं भगत सुचवला – "म्हातारीचा जीव अडकला, बंदोबस्त करा." मी म्हटलं, तुमचाच बंदोबस्त करीन. जिनं स्वतः उपाशी राहून तीन लेकरं जगवली, तिला तिच्याच घरातून हाकलायला भगत आणता? लाज नाही वाटत?

मुलगी झाली. दिवस भरून, सव्वातीन किलोची, भोकाड पसरतच आली. पहिल्या दिवसापासून त्याच गोधडीवर निजली. बारशाला आत्या आली, पण गोधडीला हात लावला नाही. दोन वर्षं झाली, गोधडी असली की चार हात लांब बसायची.

तुम्ही आता म्हणाल, ब्लेड घे, चार टाके उसव, आत भाकरी आहे का बघ. एका मिनिटाचं काम. वर्गात मी पोरांना हेच शिकवते की पडताळून बघा. पण नाही उसवणार. तिनं भरून मिटवलेलं पोट तुमच्या समाधानासाठी मी फाडायचं? म्हणा मला अंधश्रद्ध.

गेल्या महिन्यात माहेरी होते. सकाळी ओसरीवर पोरगी गोधडीवर खेळत होती, आत्या खांबाला टेकून लांब बसलेली. गोधडीवर मुंग्या चढत होत्या. नेहमीच चढतात. कितीदा धुतली तरी चौथ्याच कोपऱ्याला. लेकराचं दूध तर सगळीकडे सांडतं, पण बाकी तीन कोपऱ्यांकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत. मी झटकायला वाकले तर आत्या एकदम म्हणाली, "थांब."

ती उठली, जवळ आली. मुंग्यांच्या रांगेचा बोटानं माग काढत त्या बारीक टाक्यांपर्यंत गेली. सात सरळ, एक उलटा.

"घातली की गं मायनं," ती म्हणाली. "इसरली न्हाई."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आत्याला ते नकोच होतं. ती गोधडीवर बसली, माझ्या पोरीला मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "आण गं, हितंच जेवू."