मामाजींच्या खोलीतली रेंज

मशीन कधी मरत नाही, माणसंच तिच्यावरचा जीव काढून घेतात, असं मानणारा माणूस आमच्या आर्णीतच काय, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. मामाजींनी उभी हयात जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढली. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांशी बोलता बोलता त्यांना सगळ्याच यंत्रांशी बोलायची सवय जडली. आमच्या घरात निवृत्त व्हायचा हक्क फक्त मामाजींना आहे, वस्तूंना नाही. मिक्सर माझ्या लग्नाच्या आधीचा, त्याचं झाकण सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून जागेवर ठेवलेलं. इस्त्री एकाच बाजूने तापते, त्यामुळे आमच्याकडचे सगळे शर्ट अर्धे कडक आणि अर्धे लोळागोळा. एकदा मी बंद पडलेला टेबलफॅन भंगारवाल्याला देऊन टाकला, तर मामाजी जेवणाच्या ताटावरून उठले, गल्लीच्या टोकापर्यंत गाडीमागे गेले आणि लेकरू कडेवर घ्यावं तसा फॅन घेऊन परत आले. "त्याले जरा हवा पाह्यजे होती, बस," म्हणाले. फॅनला हवा.

पण त्यांचा खरा जीव होता वाय-फायच्या राउटरवर. माझी मुलगी पहिली-दुसरीत असताना तो आला, आता ती बारावीला आहे. आला तेव्हा पांढराशुभ्र होता, पुढे पिवळा पडला. मामाजींच्या खोलीत, त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी फळीवर त्याचा मुक्काम. धूळ बसू नये म्हणून मामाजींनी त्याच्यावर स्वतःचा जुना दुपट्टा पांघरला. दुपट्ट्याने तो तापायला लागला. तापतो म्हणून उन्हाळ्यात खोलीतला कूलर त्याच्याकडे वळवला. आमच्याकडचा मे महिना ज्याने काढलाय त्यालाच याची कळ कळेल. आम्ही माणसं घामाने निथळत बसलेलो आणि वाळ्यातून येणारी ती ओली गार हवा राउटर एकटा खातोय. मी कुरकुर केली की म्हणायचे, "आपल्याले घाम पुसता येते बाई, त्याले हात हायेत काय?" त्या ओलाव्याने त्याच्या मागच्या पिना गंजल्या, ते वेगळंच. खंडेनवमीला पाना-हातोडीबरोबर त्याचीही पूजा व्हायची, हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल, सगळं साग्रसंगीत. अक्षतांचे तांदूळ जाळीतून आत गेले ते गेलेच, डबा हलवला की खुळखुळा वाजायचा. आणि दुपारी जेवणं झाली की मामाजी तो बंद करून स्वतःही आडवे व्हायचे. "त्याले बी जरा लवंडू दे." नेमकी तेव्हाच माझी मीटिंग असायची. मी पुण्याच्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरून करते, आणि पुण्याच्या लोकांना आमच्या राउटरची दुपारची झोप समजावून सांगणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

इतकी सेवा करूनही राउटर थकत चालला. आधी वरच्या मजल्यावर रेंज येईना, मग स्वयंपाकघरात येईना, शेवटी मामाजींच्या खोलीबाहेर पाऊल टाकलं की नेट गायब. त्यामुळे झालं असं, की सगळं घर त्यांच्या खोलीत राहायला आलं. एका खुर्चीत मी लॅपटॉप घेऊन, खाली सतरंजीवर मुलगी तिचे क्लास ऐकत, दुकान बंद करून आले की उंबऱ्यात माझे यजमान मोबाइल घेऊन, आणि मधोमध पलंगावर मामाजी भुईमुगाची फल्ली फोडत बसलेले. दाणे आमच्या हातावर ठेवायचे आणि टरफलं स्वतःच्या मांडीवर. केबलवाले भाऊ एकदा येऊन बघून गेले. "काका, गरमीनं आतले पार्ट कमजोर झाले, अॅडॉप्टर पुरती वीज देत नाही, म्हणून ते घडीघडी बंद होऊन राह्यलं. हे आणलं तवा घरात दोन मोबाइल होते. आता टीव्ही, लॅपटॉप, सगळ्यायचे मोबाइल एकदमच मागून राह्यले. झेपन काय त्याले? बदला आता." मामाजी शांतपणे म्हणाले, "घरातली माणसं वाढली म्हणून कोणी म्हातारा बदलते काय?" भाऊ बिचारे चहा पिऊन निघून गेले. मग यजमानांनी सुचवलं, निदान जिन्यात तरी टांगू, तिथून वरपर्यंत जाईल. त्यावर मामाजी एरवी चढत नाहीत इतक्या आवाजात म्हणाले, "ते माह्या खोलीतून हलणार नाही." मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय.

एके दिवशी माझी मीटिंग चालू असताना राउटरने पुन्हा मान टाकली. साहेबांनी फोनच केला. दोन्ही हात लॅपटॉपवर होते म्हणून मी स्पीकर लावला होता, त्यामुळे साहेब बोलले ते खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. घरचं नेट सुधारा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून पुण्यात ऑफिसला येऊन बसा, असं त्यांचं साधंसरळ म्हणणं होतं. मुलीने विचारलं, "मग मीही पुण्यातच कॉलेज घेऊ का?" मामाजींच्या हातातली फल्ली तशीच राहिली. रात्री ते जेवलेही अर्धंच.

सकाळी चहा न घेता सायकल काढून ते कुठेतरी निघून गेले, आणि आले ते नवा राउटर घेऊन. जन्मात पहिल्यांदा एक जिवंत मशीन त्यांनी आपल्या हाताने बाजूला केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिन्यात लावा. तिथून सगळ्यायले भेटते म्हणे." नवा राउटर लागला आणि घरभर नेट धो धो वाहायला लागलं. मी माझ्या खोलीत, मुलगी तिच्या खोलीत, यजमान गच्चीवर. माझी नोकरी वाचली, साहेब खूश झाले, आणि मला इतकं हायसं वाटलं की खाली काय झालंय हे बघायचं सुचलंच नाही.

चार-पाच दिवसांनी दुपारी त्यांच्या खोलीत गेले. माझी खुर्ची पुसून जागच्या जागी ठेवलेली होती, खाली सतरंजी अंथरलेली होती, आणि मामाजी जागे होते.

"वर रेंज बरी येते ना वं?"

"येते जी, मस्त येते."

"बरं झालं." माझ्या खुर्चीकडे बघत ते म्हणाले, "इथं बी येते आता. चांगली येते."

इतकी वर्षं मी त्यांच्या हट्टाला हसत आले, आणि हट्ट कशाचा होता ते मला आत्ता कळत होतं. ते राउटर नव्हते सांभाळत, आम्हाला सांभाळत होते. मी वर गेले आणि लॅपटॉप घेऊन खाली आले.

"काहून, काय झालं?"

"वर घडीघडी तुटून राह्यलं जी."

ज्यांनी उभ्या आयुष्यात मशीनचा नुसता आवाज ऐकून तिचं दुखणं ओळखलं, त्यांना माझं खोटं न कळायला काय झालं होतं? पण ते म्हणाले, "नवं हाय ना. रुळाले वेळ लागते." एवढ्यात मुलगीही पुस्तकं घेऊन खाली आली आणि दारातूनच म्हणाली, "आबा, वर नेटच येत नाहीये."

मामाजींनी पाय पोटाशी घेतले आणि पलंगावर तिच्यासाठी जागा केली.